बेचाळिसाव्या दिवशीचा फोन

आत्याने पेनचं टोपण दातात धरलं, हेडफोन कानावर चढवला आणि नंबर लावला. समोर हिरवा फॉर्म. कोपऱ्यात क्रमांक एकशे सतरा, खाली चौपन्न प्रश्न. सकाळपासूनचा हा तिसरा फोन. पहिल्या घरातली सून अर्धा तास बोलली होती, दुसऱ्या घरातल्या माणसाने "नको" म्हणून ठेवून दिला होता, आणि आत्याने दोघांच्या पुढे एकाच मापाची खूण केली होती.

पलीकडे कुणीतरी फोन उचलला. आधी नुसता श्वास. मग खोकला.

"नमस्कार, मी हॉस्पिटलच्या अभ्यास विभागातून बोलतेय," आत्याने नेहमीचं सुरू केलं. "आमचं पत्र मिळालं असेल. तुमच्या घरातले जे वारले, त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल थोडं विचारायचं होतं. आत्ता बोलणं जमेल?"

"जमेल की," पलीकडचा म्हातारा म्हणाला. "पत्र उशीखालीच ठेवलंय. तुमचीच वाट बघत होतो."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"कुणाचे?"

आत्याने फॉर्मवरचं नाव वाचून दाखवलं.

"तो मीच," म्हातारा म्हणाला.

आत्याने टोपण दातातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. बस, एवढंच. दुसरी कुणी असती तर हातातला फोन पडला असता, घाम फुटला असता. आत्याला काही झालं नाही. दात काढताना इंजेक्शन दिलेला गाल असतो ना, आपणच चावला तरी कळत नाही, तसं तिचं बरीच वर्षं झालं होतं.

आत्याचं काम आधी सांगायला हवं, नाहीतर लोकांचा भलताच गैरसमज होतो. आमच्याच घरात तो आहे. तिचा सख्खा भाऊ जेवताना म्हणायचा, "मेलेल्यांच्या घरी फोन करून पगार घेते ही. आम्ही जिवंत गिऱ्हाइकांपुढे डोकं फोडतो तरी कुणी देत नाही." आत्या त्यावर फक्त म्हणायची, "भाजी वाढ."

ती आधी नर्स होती. अकरा वर्षं. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही त्यांच्या वॉर्डात. तिथे दुखणं कमी करायचं, श्वास सोपा करायचा, तोंड ओलं ठेवायचं, घरच्यांना खुर्ची द्यायची. बरं कुणाला करायचंच नसतं. अकरा वर्षांत तिला एकच गोष्ट खटकत राहिली. माणूस गेल्यावर डॉक्टर कागदावर लिहायचे, "शांतपणे गेला." प्रत्येकाच्याच कागदावर तेच. आणि आत्याने तर डोळ्यांनी पाहिलेलं असायचं की तो कसा गेला. तेव्हा तिने ठरवलं, हे नीट विचारून लिहून काढायचं. चाळिशीला पुन्हा कॉलेजात गेली, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसली, प्रबंध लिहिला आणि संशोधक झाली. संशोधक झाली म्हणजे तळघरात कपडे धुण्याच्या खोलीशेजारी एक खोली मिळाली. भिंत दिवसभर मशीनने थरथरायची. एक लोखंडी कपाट, एक फोन, एक खिडकी, तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसायचे.

नियम कडक. माणूस गेल्यावर चार आठवड्यांनी घरी पत्र पाठवायचं. नको असेल तर सोबतचं कार्ड परत पाठवा, आम्ही त्रास देणार नाही. कार्ड आलं नाही तर बेचाळिसाव्या दिवशी फोन. त्याच्या आधी नाही. आधी माणूस बधिर असतो, काहीही सांगतो. फार उशीर केला तर विसरतो. बेचाळीस हा आकडा आत्यानेच काढलेला, आणि तिला त्याचा अभिमान होता. दाखवायची नाही, पण होता.

तर त्या यादीत चूक झाली होती. नावांचा रकाना अक्षरांप्रमाणे लावताना तारखांचा रकाना एक ओळ खाली घसरला होता. आकडेवाल्याचं काम ते, म्हणजे जो सगळी गणितं करायचा तो पोरगेला माणूस, पण यादी शेवटी तपासून सही आत्याने केलेली. एका ओळीवरच्या मेलेल्या माणसाची तारीख खालच्या ओळीवरच्या जिवंत माणसाला लागली. आणि त्या जिवंत माणसाला हॉस्पिटलने स्वतःच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं होतं की आपल्या निधनाबद्दल आम्हाला वाईट वाटतं.

"माझी फार मोठी चूक झालीय," आत्या फोनवर म्हणाली. "मी माफी मागते. तुम्हाला किती त्रास—"

"त्रास कसला," म्हातारा म्हणाला. बोलताना तो चार शब्दांनी थांबायचा, पंप दम घेतो तसा. "मी प्लंबर आहे. चाळीस वर्षं लोकांच्या बाथरूममध्ये उकिडवा बसून काढली. माझ्या नावाने असं छापील पत्र पहिल्यांदाच आलंय. पोराला दाखवलं नाही. तो तुमच्या हॉस्पिटलची काच फोडून आला असता."

"मी ठेवते आता. तुम्हाला लेखी माफीपत्र येईल."

"अहो थांबा. पत्रात लिहिलंय की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मग विचारा ना."

"हे प्रश्न घरच्यांसाठी आहेत. नंतरचे."

"नंतर मला कोण विचारणार?" प्लंबर म्हणाला. "नंतर पोरगा सांगेल. पोराला विचाराल तर तो सांगेल सगळं छान झालं. तो चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना शोभतंय, शोभतंय म्हणायची सवय."

आत्याने तेव्हा फोन ठेवायला हवा होता. नियमात तसंच आहे. तिने टोपण पुन्हा उचललं, पेन उघडलं आणि पहिला प्रश्न वाचला. का, ते तिला कधीच सांगता आलं नाही. विचारलं तर म्हणायची, "फॉर्म समोर होता."

चौपन्न प्रश्नांना पाऊण तास लागला. शेवटच्या आठवड्यात दुखणं आटोक्यात होतं का? "अजून आठवडा आला नाही. पण धरा, अर्धं." श्वासाचा त्रास? "छातीत गाळ बसलाय. पाइप आतून गंजला की बाहेरून कितीही ठोका, पाणी यायचं तेवढंच येतं. लिहा, होतो." डॉक्टरांनी परिस्थिती स्पष्ट सांगितली होती का? "डॉक्टरांनी पोराला सांगितली. पोराने मला सांगितलं की सूज आहे. मी म्हटलं बरं." नर्सेस आदराने वागल्या का? "एक सोडून. ती मला बाळा म्हणायची. मी बहात्तरचा."

एकतिसावा प्रश्न होता, कुठे मरण यावं याबद्दल त्यांनी कधी इच्छा बोलून दाखवली होती का?

"आत्ता दाखवतोय," प्लंबर म्हणाला. "घरी. मधल्या खोलीत, पंख्याखाली. तुमच्याकडे नाही. तुमच्याकडचं छत बघितलंय मी, पाणी मुरतंय तिथे, डाग पडलेत. मरताना मला ते बघत बसायचं नाही. सारखं वाटत राहील की कुणी वरचा जॉइंट बघा रे."

"मुलाला सांगितलंय?"

"तो ऐकतोय कुठे. मला जरा ठसका लागला की अॅम्ब्युलन्सचा नंबर लावतो. दोनदा नेलंय. आता परत नेलं तर मी परत येत नाही, हे मला कळतं." मग खोकून तो म्हणाला, "तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल. तुमच्याकडे लेटरहेड आहे."

"मला तशी परवानगी नाही."

"मग कुणाला आहे?"

आत्याने फॉर्मवर लिहिलं, घर. बत्तिसावा प्रश्न होता, त्याच जागी मरण आलं का? ती चौकट तिने कोरी सोडली.

दुपारी ती वर गेली आणि सरांना सगळं सांगितलं. सर म्हणजे विभागप्रमुख, वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"फॉर्म भरलास?"

"भरला."

"जिवंत माणसाचा?"

"हो."

"अगं बाई," सर म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "अगं बाई." मग म्हणाले, "समितीला कळवावं लागेल. आणि मुलाशी बोलायचं डोक्यातून काढून टाक. आपण मोजणारे. आपणच मध्ये हात घातला तर मोजणार काय? एकशे सोळा घरांनी विश्वासाने सांगितलंय, तो सगळा अभ्यास पाण्यात जाईल."

समिती म्हणजे पाच माणसं, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अभ्यास माणसांना इजा न करता चाललाय ना, हे बघायचं त्यांचं काम. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. आकडेवाला दाराशी पांढराफटक होऊन उभा होता. आत्या म्हणाली, "यादीवर सही माझी आहे." तेवढ्यावर विषय मिटला. त्यांनी ठरवलं की फॉर्म रद्द. पाकिटात बंद करून कपाटात ठेवायचा, वापरायचा नाही. प्लंबरला माफीपत्र जाईल. त्या घराशी आत्याने दुसरा कसलाही संपर्क करायचा नाही. पुढे कधी तो माणूस वारला तर नियमाप्रमाणे बेचाळीस दिवसांनी मुलाला फोन करता येईल, इतरांसारखाच. आत्याने खाली सही केली.

आणि त्या फोननंतर नवव्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानात गेली.

केसपेपरवर मुलाच्या कामाचा पत्ता होता. दुकान हॉस्पिटलपासून दोन बस बदलून. पुढे काचेची कपाटं, मागे पडदा लावलेली खोली. मुलगा चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, खिशाला छोटे स्क्रूड्रायव्हर. त्याने आत्याला स्टुलावर बसवलं.

"शेवटचा नंबर कधी काढला होता?"

"आठवत नाही."

"मग बसा, काढून टाकू."

त्याने तिच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली, एक डोळा झाकला, आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. आत्याने वाचली. पर्समध्ये समितीचा कागद होता, घडी करून. तिने मनात वाक्य जुळवून आणलं होतं: तुमच्या वडिलांना शेवटी घरीच राहायचंय. पाच शब्द. खालची ओळ वाचून झाली की बोलायचं, असं ठरवून ती वाचत होती. अक्षरं बारीक होत गेली.

मध्येच त्याचा फोन वाजला. "एक मिनिट हं, माफ करा," म्हणून त्याने तिथेच घेतला. "हां बाबा. मशीन चालू आहे ना? नळी वाकली असेल, बघा. मग उठून बसा ना. येऊ का? नक्की? अॅम्ब्युलन्स बोलावू? बरं, बरं, ओरडू नका, नाही बोलवत. अर्ध्या तासाने परत करतो." त्याने फोन खिशात टाकला आणि हसला. "माझे वडील. म्हातारपणी माणसं लहान पोरासारखी होतात. हट्ट नुसता."

"बरं नाही का त्यांना?" आत्याने विचारलं.

"सूज आहे छातीत," तो म्हणाला. म्हणताना त्याने भिंग बदललं, ते उलटं बसलं म्हणून काढून पुन्हा घातलं. "आता कसं दिसतंय? आधीचं बरं की हे?"

"हे," आत्या म्हणाली.

तिला आतून काहीतरी ढवळून यायला हवं होतं, तेव्हा बोलता आलं असतं. आलंच नाही. तिने अकरा वर्षांत किती जणांना काय काय सांगितलं होतं, तोंडावर, हात धरून. आता समितीच्या कागदावर सही केलेला माणूस तिच्या जागी बसला होता. तिने साधी काळी फ्रेम निवडली. मुलगा म्हणाला, "शोभतेय." तिने पुढच्या आठवड्यात येऊन घेते म्हटलं आणि भलत्याच बसमध्ये चढली. तीन स्टॉप गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

एकोणिसाव्या दिवशी प्लंबरचं नाव तिला इमर्जन्सीच्या यादीत दिसलं. रोज सकाळी ती यादी खाली यायची. आदल्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आणलं, दोन पन्नासला मृत. वॉर्डात न्यायलाही वेळ मिळाला नाही, खालच्या पॅसेजमध्ये ट्रॉलीवरच. आत्या जिन्याने वर गेली, त्या पॅसेजमध्ये उभी राहिली आणि छताकडे बघितलं. पाण्याचा डाग होता. मोठा, कडा पिवळट. त्याखाली एक बाई आपल्या नवऱ्याच्या चपला हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तुम्हाला पण इथेच थांबायला सांगितलंय का?" आत्या म्हणाली, "नाही," आणि खाली येऊन तारखेपुढे बेचाळीस मोजले.

ते बेचाळीस दिवस ती रोज आली, रोज फोन केले. डबा तसाच परत न्यायची. भावाने विचारलं, "आजारी आहेस का?" ती म्हणाली, "नाही, नवा नंबर लागलाय, डोकं धरतं."

बेचाळिसाव्या दिवशी मुलाने फोन उचलला. त्याने आवाज ओळखला नाही. दुकानात ती बोलली तरी किती होती. तो सगळं नीट सांगत गेला, मध्ये मध्ये नाक ओढत. दुखणं अर्धं आटोक्यात होतं. श्वासाचा त्रास होता. एका नर्सचा वडिलांना राग होता. आत्या हिरव्या फॉर्मवर खुणा करत गेली. पाकिटातल्या फॉर्मशी सगळं जुळत होतं, पाकीट न उघडताही तिला पाठ होतं.

"कुठे मरण यावं याबद्दल त्यांनी कधी इच्छा बोलून दाखवली होती का?"

"हो," मुलगा म्हणाला.

"कुठे?"

"हॉस्पिटलमध्ये."

आत्याचं पेन थांबलं. खात्री आहे का, असं विचारायला नियमात बंदी. उत्तर मिळेल ते लिहायचं, आपल्या आवाजाने माणसाला वळवायचं नाही. शेजारच्या खोलीत मशीन पिळायला लागलं, भिंत हलायला लागली.

"त्याच जागी मरण आलं का?"

"हो. त्यांना जसं हवं होतं तसंच झालं."

आत्याने लिहिलं, हॉस्पिटल. त्याच्याखाली लिहिलं, हो. बाकीचे बावीस प्रश्न विचारले, आभार मानले, फोन ठेवला. मग कपाट उघडून पाकिटाला हात लावून बघितलं आणि कपाट बंद केलं.

त्यानंतर ती चिकटली. आत्या एकदा चिकटली की सुटत नाही. तिने सरांच्या मागे लागून नवा अभ्यास मांडला: आधी आजारी माणसालाच विचारायचं, त्याच्या संमतीने, आणि तो गेल्यावर बेचाळिसाव्या दिवशी घरच्यांना तेच प्रश्न. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सर म्हणाले, मरणाऱ्या माणसाला असं कुणी विचारतं का. आत्या म्हणाली, "एकाला विचारलंय." समितीपुढे पाच वेळा गेली. साडेतीन वर्षं, दोनशे दहा माणसं. कुणी चिडलं, कुणी हसलं, बहुतेकांनी सांगितलं. तीन घरांपैकी एका घरात जागेचं उत्तर जुळेना. आजारी माणूस म्हणालेला घर, घरचे म्हणत होते हॉस्पिटल, आणि तसंच झालं म्हणत होते.

आत्याने निबंध लिहिला. त्यात तिने स्पष्टच म्हटलं की घरची माणसं नंतर आठवण पुसून घेतात. जे घडलं तेच हवं होतं असं स्वतःला सांगतात, कारण त्याशिवाय त्यांना जगता येत नाही. म्हणून गेलेल्या माणसाची इच्छा नंतर घरच्यांना विचारून कळत नाही. लांबलांबच्या लोकांनी तो निबंध वाचला, आपल्या निबंधांत त्याचा दाखला दिला. आकडेवाल्याने त्याची छापील प्रत फ्रेम करून आणली. आत्याने ती कपाटाच्या मागे ठेवली, भिंत हलते म्हणून. घरी भाऊ म्हणाला, "म्हणजे पोरं खोटं बोलतात, हे कळायला साडेतीन वर्षं लागली तुला." आत्या म्हणाली, "खोटं नाही." आणि ताट उचलून आत गेली.

त्या मुलानेही तशीच आठवण पुसून घेतली होती, असंच तिच्या मनात शेवटपर्यंत होतं. त्याचा राग नव्हता तिला. राग यायला आत काही जागं असावं लागतं. तिला एवढंच वाटायचं की त्या स्टुलावर बसून पाच शब्द बोलले असते, तर तो माणूस पंख्याखाली गेला असता. ते ती बोलून दाखवायची नाही. पण चष्म्याचा नंबर पुढे दोनदा वाढला, तरी ती त्या दुकानात परत गेली नाही आणि ती काळी फ्रेमही तिने बदलली नाही, दुसरीकडून काचा घालून घेतल्या.

आत्या निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलने जुनी अॅम्ब्युलन्सची रजिस्टरं रद्दीत काढली. त्यातली एक चळत तिच्या खोलीतल्या कागदांबरोबर चुकून घरी आली, आणि मला ती उपसताना प्लंबर गेला त्या दिवसाचं पान दिसलं. त्यावर त्याच्या नावापुढे अॅम्ब्युलन्सच्या माणसाने लिहिलंय: कॉल दुपारी एक सत्तावीसला, रुग्णाने स्वतः केला. घरात दुसरं कुणी नाही, मुलगा कामावर. दार रुग्णानेच उघडलं. बॅग भरून तयार होती, आणि तो म्हणाला, पोरगा यायच्या आत न्या, घरात त्याच्यासमोर नको.